अडीच मीटर तपकिरी

गांधीबागेत कटपीसच्या ढिगातून
ते आपणहूनच घसरलं बाहेर.
अडीच मीटर. टसर नाही, काही नाही, साधं सुती.
हेडाऊ म्हणाले, घेऊन तं जा ताई,
नाही पसंत पडलं तं आणून द्या.
धुवाचं नाही फक्त.

धुतलं नाही. अकरा दिवस झाले.
कपाटात वरच्या कप्प्यात बसून आहे,
मोतिया, अबोली, फिकट पिस्त्याच्या शेजारी
नव्या भाडेकरूसारखं, आवाज न करता.

या रंगाला स्वतःचं धड नावही नाही.
कुणीतरी तपकिरीच्या डबीतून उसनं आणलं,
मग शिंका आल्या असतील,
परत करायचं राहून गेलं.

सव्विसाव्या वर्षी माझा फॉर्म भरताना
वत्सलामावशीचं पेन रंगाच्या रकान्यावर थांबलं होतं.
गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा.
तिनं गव्हाळवर खूण केली
आणि टोपण लावेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.
"फिकट घालत जाय वं माय.
गडद घातलं का तू दिसूनच नाही राहत."

एकवीस वर्षं फिकट घातलं.
दिसले का, ते विचारायला मावशी नाही आता.

मे महिना. पारा सत्तेचाळीस, मीही सत्तेचाळीस,
दुपारी दोघांच्याही वाटेला कुणी जात नाही.
सेमिनरी हिल्सवर सध्या दुसरा रंगच नाही,
तरी लोक पहाटे उठून
मुद्दाम तिकडेच फिरायला जातात.

ऑफिसात बोबडेबाईंना विचारलं.
म्हणाल्या, मातकट दिसेल.
मग म्हणाल्या, पण तुला काय, तू काहीही घाल.
हे दुसरं वाक्य मी घरी घेऊन निघाले,
व्हेरायटी चौकातल्या सिग्नलला
उलटंपालटं करून पाहिलं.
आतून अस्तर होतं की नाही, कळलं नाही.

तशी तपकिरी मी घालतेच की.
चपला. पर्स. घड्याळाचा पट्टा.
जे झिजणार ते सगळं.

रात्री लाइट गेली, कूलर थांबला,
वाळ्याचा वास तेवढा खोलीत राहिला.
मोबाइलच्या उजेडात कापड मनगटावर टाकलं.
ते कुठं संपतं आणि मी कुठं सुरू होते
बोटानं चाचपून शोधावं लागलं.
खरं होतं मावशीचं.

मग खांद्यावर घेतलं. आरशात
कापड दिसलं नाही.
एक बाई दिसली, सलग,
मध्ये कुठं जोड नसलेली.
मी मोबाइल पटकन उलटा ठेवला.

उद्या हेडाऊंकडे जायचंय.
पाऊण बाही की पूर्ण, हेही ठरलेलं नाही,
की सरळ पैसेच परत मागायचे.

टाकीचं पाणी रात्री दहालाही चटका देतं,
म्हणून बादलीत निवायला ठेवलंय.
कापड काठावर आहे.
एक टोक आत लोंबतंय,
जरासं भिजलंय.