मोजा

गोव्हन रोडला, सट्टेवाल्याच्या दुकानावरची खोली.
पाटीवर एवढंच: इ. रँकिन, हरवलेल्या वस्तू.
दाराला लोखंडी कडी नाही. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे
लोखंडाला शिवत नाहीत.

शोनाग आली मंगळवारी, लाँड्री बंद करून.
बाहीला साबणाचा वास, आणि त्याच्या खाली
ओहोटीनंतरच्या खडकांचा.
खुर्ची पुढे केली, बसली नाही.
"माझं कातडं चोरीला गेलंय," म्हणाली.

सील-बायकांचं कातडं म्हणजे काय
हे पोलिसांना सांगून पाहिलं होतं तिने.
त्यांनी फर कोटाचा रंग विचारला.

मी डाव्या हाताचा मोजा काढला.
वस्तू बोलत नाहीत, लोक उगाच काहीतरी सांगतात.
वस्तू गळतात. जुन्या छपरासारख्या, थेंब थेंब,
आणि मी सात वर्षांची असल्यापासून खाली बादली धरून आहे.
इतकी भरलेय की आईचा म्हणून जो आवाज आठवतो
तो आईचाच, की लिलावात घेतलेल्या एका आरामखुर्चीचा,
आता शपथेवर सांगणार नाही.

तिची पेटी चाचपली. पितळी बिजागरीत काळोख,
डांबराच्या गोळ्या, किल्ली फिरल्याचा साधा आवाज.
कुलूप तोडलेलं नव्हतं.
पाणी इथेच कुठेतरी मुरत होतं.

पुलाखालच्या केल्पीला गाठलं. तो हल्ली टॅक्सी चालवतो.
पूर्वी घोडा व्हायचा, पाठीवर बसेल त्याला क्लाइडमध्ये बुडवायचा,
आता म्हणतो, मीटर बरा, अंग ओलं होत नाही.
"मार्चमध्ये एक बाई होती. मागची सीट बघ."
सीटला हात लावला:
मांडीवर दमट गाठोडं, झोपलेल्या पोराएवढं जड,
त्यावरून फिरणारा एक हात,
अंगठ्यावर ब्लीचने भाजल्याचा डाग.

मी बराच वेळ टॅक्सीतून उतरले नाही.
मीटर चालू होता.

पेस्लीचा सावकार ब्राउनी आहे, खायची नव्हे,
रात्री लोकांची घरं झाडणाऱ्या जमातीतला,
म्हातारा, केसाळ, हिशोबाला चोख.
त्याच्या खणातून पावती निघाली.
मुदत: मुलीच्या बाराव्या वाढदिवसापर्यंत.
खाली दुसरी ओळ, वेगळ्या दराने:
गहाण ठेवल्याची आठवणसुद्धा गहाण.
"म्हणत होती," तो चष्मा पुसत म्हणाला,
"खिडकी उघडी राहिली की पाय माझं ऐकत नाहीत."

चोर पकडून देण्याचे पैसे मी आगाऊ घेतले होते.

शनिवारी लाँड्रीत गेले.
शोनाग एका गिऱ्हाइकाशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होती.
ड्रायरवर बसून तिची बेथाग पाय हलवत होती,
सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले.
"हरवलेलं शोधतेस ना तू? ह्याचा जोडीदार शोध."
आणि एक लाल पायमोजा
माझ्या उघड्या तळव्यात कोंबला.

त्यात मार्चची रात्र होती.
पांघरुणात डोळे मिटलेले, म्हणजे तसं दाखवलेले.
आई पेटी उघडते. आई गाठोडं उचलते. दार.
पोर मोजायला लागते. शंभरापर्यंतच येतं तिला,
शंभर झाले की पुन्हा एक.
कितव्यांदा तरी एकाहत्तरवर किल्ली वाजते,
आई येते, रिकाम्या हातांनी,
बुटांसकट पलंगाच्या कडेला बसते,
आणि पोर झोपते. खरीखुरी.

मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे.
"आईला सांगू नको," ती म्हणाली.
मोज्याबद्दलच असावं.

शोनागला म्हटलं, नाही लागला माग.
आगाऊ घेतलेले पैसे काउंटरवर ठेवले. तिने कारण विचारलं,
मी हवेबद्दल काहीतरी बोलले.
ती खिडकीकडे बघत राहिली. खिडकी बंद होती.

मोजा तिसऱ्या ड्रायरच्या मागे सापडला.
त्याची फी एक पेपरमिंट, अर्धी चोखलेली.
घेतली.