सही

माझ्या वडिलांची सही फार देखणी होती.
एल्काना ट्रेव्हेनियन. शेवटच्या अक्षराची शेपटी
वळसा घेऊन पहिल्या अक्षराखाली यायची,
जशी शिकारीहून परतलेली कुत्री
धन्याच्या बुटांशी येऊन बसते.

त्या सहीवर लंडनहून यायचे
रेशमी मोजे, चहा, एकदा तर हार्पसिकॉर्ड,
खाऱ्या हवेनं ज्याचा एक सूर कायमचा बसलेला.
तंबाखू मागाहून जायचा. सही आधी.
पत म्हणजे काय, तर कुणी न विचारणं.

मग केंटकीतली जमीन घेतली, न पाहता,
चाळीस हजार एकर.
नकाशावर प्रत्येक मुलासाठी एक ओढा राखला;
माझा निळ्या शाईचा होता.
तीच जमीन आणखी तिघांना विकलेली,
हे कळायला दोन हिवाळे गेले.

आणि मामा. मदिरेची दुसरी बाटली फोडताना
सहज म्हणाला, जामीन राहाल ना?
सभ्य माणूस अशा वेळी कागद वाचत नाही.
मार्चमध्ये मामा नाचेझला पळाला.

शेरीफचा कारकून आला तो साधा मंगळवार होता.
त्यानं मोजलं: आरसा, तडा गेलेला.
चांदीचे चमचे, अकरा.
(बारावा आईच्या बाहीत. मला ठाऊक होतं.)
लाल गाय, गाभण.
जूडिथ, स्वयंपाकीण, वय अंदाजे तीस.
तिचा मुलगा मिंगो, वय सात.
एकाच रकान्यात, एकाच शाईत.

मी रडले ती हार्पसिकॉर्डसाठी.
हे आज लिहिते आहे, साठी उलटल्यावर.
त्या दिवशी मला त्यात काही वावगं दिसलं नाही.
जूडिथनं मिंगोच्या सदऱ्याचं बटण लावलं,
काढलं, परत लावलं.

वडील कर्जदारांच्या तुरुंगात गेले, तेही हातमोजे घालून.
थोरल्यानं आडनावातलं एक अक्षर बदललं.
आई मावशीच्या मागच्या खोलीत, चमच्यासकट.
मी पाव घेऊन जायचे, तेव्हा ते जुन्या पाकिटांवर
सही गिरवत बसलेले असायचे.
बघ, म्हणायचे, हात अजून थरथरत नाही.

कारकुनाची ती यादी माझ्याकडे आहे.
तळाशी ‘मोजणी बरोबर’ आणि वडिलांचं नाव.
जागा कमी पडली असावी;
शेपटी वर वळली आहे,
आणि मिंगोच्या सात वर्षांभोवती
तिनं पूर्ण वेढा घातला आहे.