तिसरा दिवस

पहिल्या दिवशी काही नाही, नुसतं झोपायचं,
हे वन्संनी आधीच ठरवून टाकलंय.
मी गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेतला ऑगस्ट फाडला,
पुढे दुधाचे खाडे, मागे कोरा,
आणि पट्टीनं पाच रकाने आखले.
वर लिहिलं, लिस्बन.
चौतीस वर्षं कळव्याच्या शाळेत
हे नाव मी फळ्यावर लिहिलं:
टेगस नदी, बुचाची झाडं, सार्डिन मासे. एक गुण.

चरईतली आमची गॅलरी,
दोन खुर्च्या, एक स्टूल, तीन गुडघे.
चौथा वन्संनी बदलून घेतलाय, तो मोजत नाही.
शहर सात टेकड्यांवर आहे म्हणे,
म्हणून महिनाभर आम्ही रोज संध्याकाळी
लिफ्ट असून जिने चढतो.
दुसऱ्या मजल्यावरच्या दामल्यांना वाटतं, बिघडली.

दुसरा दिवस ट्राम, आणि ती मलईची छोटी पेस्ट्री.
"अंडं असतं त्यात," मी.
"प्रवासात चालतं," वन्सं,
ज्यांनी संकष्टीला खिचडीतली मिरचीसुद्धा
लाल की हिरवी ते विचारून खाल्ली.

मिथिला फोनवरून शब्द पाठ करून घेते.
साबणाला सबांव. चावीला शाव्ह. बटाट्याला बटाटाच.
पगार म्हणजे त्यांच्यात पैसे देणं.
"तरीच राज्य बुडालं त्यांचं," वन्सं.
तुरुंगही तिकडूनच आलाय, म्हणे.

तिसरा दिवस. टेकडीवरचा किल्ला.
तिकीट पंधरा युरो, ज्येष्ठांना सूट.
मी शंभरानं गुणत होते
आणि मध्येच पेन्सिल थांबली.
आपल्या ठाण्याचा किल्ला त्यांनीच बांधायला घेतलेला.
आपण जिंकला, इंग्रजांनी त्यात कैदी भरले,
अजून तेच चालू आहे.
चौतीस वर्षं बसच्या खिडकीतून ती भिंत,
वर तार, तारेत अडकलेला एखादा पतंग.
आत कधी गेले नाही.
तिथे तिकीट नसतं, गुन्हा लागतो.

"मी गेलेय," वन्सं म्हणाल्या,
चष्मा पुसत, भाजीला गेल्यासारखं.
"वागळे इस्टेटीतल्या संपात दिगूला धरलं होतं ना.
एकोणीस दिवस. डबा मी न्यायचे.
तुमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी."

दिगू म्हणजे हे.
एकेचाळीस वर्षं संसार केला.
गवार आवडत नाही हे मला माहीत होतं,
उजव्या कानानं कमी ऐकू येतं,
झोपेत दात खातात,
हे सगळं. हे नाही.
"मला कुणी बोललं नाही."
"कळलं असतं तर मुलगी दिली असती तुझ्या वडिलांनी?"

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. होत नव्हती.
"काय बोलायचे तेव्हा?"
"काही नाही. भात जास्त घाल म्हणायचा.
आणि एकदा म्हणाला, भिंत फार जाड आहे गं,
भर दुपारी गार असते. पाठ टेकून बसतो."

मे महिन्यात हे असेच बसायचे,
गॅलरीच्या याच भिंतीला, शर्ट काढून,
आणि पाच मिनिटांत वैतागून उठायचे.
चार इंची वीट. दिवसभर तापलेली.
मी टेबलफॅन आणून दिला होता.

दहा ते साडेअकरा, ही वेळ मी खोडली.
दुपारचं संग्रहालय पण खोडलं.
त्या जागी लिहिलं: भिंत. बसून बघणे.
वन्संनी वाकून वाचलं,
बराच वेळ, एवढ्या चार शब्दांना.
"खाली घ्यायला काहीतरी लागेल," म्हणाल्या.
"आणि डबा. दशम्या करू, टिकतात."
"तीन दिवस?"
"एकोणीस नाही टिकत," वन्सं म्हणाल्या, "तीन टिकतात."