मानवी वापरासाठी नाही

सहारच्या कार्गोत चार दिवस अडकलं होतं खोकं.
कस्टमच्या माणसाने विचारलं, ह्यात जिवंत काय आहे?
काहीच नाही, म्हटलं.
मग मेलेलं?
तेही नाही, साहेब. प्रथिन आहे.
त्याने रकाना कोराच ठेवला.

आज वजा ऐंशीतून काढून बर्फात रोवली कुपी,
माझ्या करंगळीच्या पेराएवढी.
तळाशी पन्नास मायक्रोग्रॅम,
टिचकी मारली तर दिसतं, तेही पाण्यासारखं.
लेबलवर मुंगीच्या अक्षरांत:
मानवी. शुद्धता पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक.
आणि लगेच खाली:
मानवी वापरासाठी नाही.

कुठल्यातरी थंड देशात
जिवाणूंच्या पोटी वाढवलंय हे.
त्यांना काय ठाऊक, कुणाचं बाळंतपण करतोय आपण.
हलत्या फ्लास्कमध्ये रात्रभर गढूळ होत गेले,
मग फोडले, गाळले,
आणि निकेलच्या मण्यांना हे एकटं अडकून राहिलं
शेपटाला जोडलेल्या सहा हिस्टिडिनांमुळे,
बोरीच्या काट्याला ओढणी अडकावी तसं.

फिरदोस मॅडम म्हणतात,
पहिली ऐंशी अमिनो आम्लं ह्यात नाहीत.
तो पत्ता असतो.
पेशीत जन्मायचं, पत्ता दाखवत
तंतुकणिकेच्या दारापर्यंत जायचं,
आत घेतलं की तो कापून टाकतात.
हे कधी निघालंच नाही कुठून,
पोचलंही नाही.
तरी कापलेलं, पोचल्यासारखं.

आमची चाळ पाडली त्याला तीन वर्षं झाली.
आधार कार्डावर अजून खोली नंबर चौतीस,
जिथे आता क्रेन उभी आहे.
प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात
कुरिअरवाल्याला आई फोनवरून वाट सांगते
आणि शेवटी स्वतःच खाली उतरते.
चौतीसमध्येच गिरवली होती मी ती आकृती,
घेवड्याच्या दाण्यासारखी, आत घड्याच घड्या.
खाली लिहिलं होतं: पेशीचं वीजघर.
हे वीजघर फक्त आईकडून येतं
हे फार उशिरा कळलं,
मॅडमनी चहा ढवळता ढवळता सांगितलं.
त्या संध्याकाळी घरी जाऊन
मी आईचं थकलेलं वीजबिल भरलं.

काल खोकं घेऊन परळचा रस्ता ओलांडत होते,
थर्माकोलच्या फटीतून सुक्या बर्फाचा धूर.
हॉस्पिटलच्या भिंतीशी सतरंजी टाकून एक जण बसलेला.
त्याचा मुलगा, बारा-तेराचा, भिंत धरून चालत होता,
एकेक पाऊल असं, की जमीनच हलते आहे जशी.
बाई, दवाई हाय का हे?
नाही काका.
मंग एवढं जपून कायले नेता?

उत्तर होतं माझ्याकडे,
पण ते दहा-वीस वर्षं लांबीचं होतं
आणि सिग्नल सुटला.

दोन मायक्रोलीटर. हात थरथरला तर चहाचे महिन्याचे पैसे.
नळीत सोडलं, यंत्राचं झाकण लावलं.
पडद्यावर हिरवी रेघ, आडवी,
झोपल्यासारखी.

साडेआठला तांडेल मामा किल्ल्या वाजवत आले.
काय, पडला का उजेड?
अजून नाही, मामा. रेघ सरळच आहे.
त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग कुपीकडे,
मग स्टूल ओढून बसले.