सहावी रेघ

वडगावच्या आमच्या गल्लीत
चार मागांचं काय करायचं
हे दिवाळीपासून ठरत नव्हतं.
भुजंगदादा म्हणायचा, इचलकरंजीला नेऊ.
धाकटा म्हणायचा, कर्ज काढून रेपियर घेऊ.
मी म्हणायचो, घाला भंगारात,
उद्यमबागेत फाउंड्रीवाला घेईल की कुणीतरी मला.
मग भांडण, मग चहा,
मग पुन्हा खटखट.

एका रात्री वीज गेली तेव्हा
नक्षीचाच कागद काढला मी,
ज्यावर आयुष्यभर कोयऱ्या मोजल्या:
एक चौकोन, एक धागा.
मधोमध ठिपका, त्यातून पाच रेघा बाहेर.
पैसा. वीज. पोरांची शाळा. अण्णांचे गुडघे.
हुबळीच्या पेठेत आपलं नाव.
दहापैकी किती, ते ज्यानंत्यानं सांगायचं,
मी ठिपके द्यायचे, जोडायचे.
इचलकरंजी हिरवी, रेपियर तांबडा,
भंगार साध्या शिसपेन्सिलीनं,
कारण खडू दोनच सापडले.

गंमत बघा.
ज्या पैशावरून सहा महिने ताटं आपटली
त्या रेघेवरचे तिन्ही ठिपके
माझ्या एका नखाखाली झाकले गेले.
सहा, साडेसहा, सहा.
दादा चष्मा पुसून बघत राहिला.
"चुकलंय की रे तुझं."
पुन्हा मोजलं. चुकलं नव्हतं.

हिरवा सगळ्यांत ऐसपैस,
ताणून बांधलेल्या तंबूसारखा.
धाकट्यानं मानही डोलावली होती
तेवढ्यात महानंदावहिनी,
बैलहोंगलची, लग्नाला एकवीस वर्षं,
चरख्यावरची कांडी तशीच सोडून आली
आणि पेन्सिल मागितली.
तिला कुणी कधी विचारलं नव्हतं,
खरं म्हणजे त्या रात्रीही नाही.

मोकळ्या जागेत तिनं सहावी रेघ ओढली,
पट्टी न घेता, जरा वाकडी,
टोकाशी कन्नडात लिहिलं: उसिरु.
श्वास.
आणि आतल्या खोलीकडे हात केला,
जिथं अण्णा खोकत होते
आणि त्यांच्या मागोमाग, त्याच तालात,
तिचा सोळा वर्षांचा पोरगा.

हिरव्याला दोन. तांबड्याला दोन.
तंबूचा एक खांबच उपटला जणू.
भंगाराला पाच.
पाचच का, मी जरा दुखावून विचारलं.
"फाउंड्रीत काय अत्तर उडतंय?" म्हणाली.

वीज आली. माग चालू करायला
कुणी उठेना.
दादानं कागद बल्बसमोर धरला,
विणकराच्या सवयीनं उलटा करून पाहिला.
मागून रंग दिसत नव्हते,
नुसते पेन्सिलीचे वळ,
त्यात वाकडी रेघ सगळ्यांत खोल.
"उद्या पोराला छातीच्या डॉक्टरकडं नेऊ,"
तो म्हणाला, "मागांचं मग बघू."
आणि कागदाची घडी घालायला लागला,
चौकोन चुकवत, कशीतरी.