पाठमोरा

घयाथीत, उंटांच्या चाऱ्याच्या दुकानावर
आमचं कार्यालय. एसीचं पाणी
खालच्या बादलीत टपकतं,
त्यावर दुकानदाराचा पुदिना जगतो.

यंदा कुंपणाच्या आत हरणं वाढली.
पाणी तेवढंच, चारा तेवढाच.
साठ परवाने. अर्ज तीनशे बारा.
बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडे.
अरबी मला कामापुरती येते,
भांडणापुरती जरा जास्त.

अबू मतर म्हणाले, ज्येष्ठता बघा.
ज्याचा बाप ससाणा घेऊन ही वाळू फिरला
त्याला आधी विचारा.
बँकेतला हमदान उठला:
माझा बाप मोती काढायचा.
समुद्रात हरणं नव्हती, हा माझा गुन्हा?
मी लिहिलं, हशा.
मग खोडलं.

मुसल्लमचा हिशेब वेगळा.
जितकी वर्षं नाव निघालं नाही
तितक्या चिठ्ठ्या जादा टाका.
कुणी म्हणालं, मग त्या चार भावांचं काय,
अर्ज चार, बंदूक एक?
कुणी बूखितकडे बोट केलं:
गेल्या साली याला परवाना होता,
हा रिकाम्या हातानं परतला. वाया घालवला.

बूखितनं चहाचा पेला फिरवला.
नेम धरला होता, म्हणाला.
तिनं मान वळवून बघितलं.
पुढं काही बोलला नाही.
वाया कसा, असंही नाही.

आमच्याकडे पारध व्हायची.
भेकर पडलं की
मुंडी नेमवाल्याची,
मागची एक तंगडी बंदूक ज्याची त्याची,
बाकीचे वाटे सागाच्या पानांवर.
हाकाऱ्यांना एकेक. कुत्र्याला एक.
तापानं घरी पडलेल्या गणू घाड्यालाही एक.
मग मला किंजळीच्या खोडाकडं
तोंड करून उभं करायचे.
मागून कुणीतरी वाट्यावर बोट ठेवी:
हा कुणाचा?
मी तोंडाला येईल ते नाव घेई.
मला दिसत नसे,
म्हणून कुणाला बोलता येत नसे.

फक्त चांगल्या वाट्यावर
मामा खोकायचा.
मला ते तिसऱ्या पारधीला कळलं.
नंतरही मी मामाचंच नाव घेत राहिलो.
नऊ वर्षांचा होतो. घरात मटण शिजायचं.

शेवटी चिठ्ठ्याच ठरल्या,
जुन्या हुकलेल्यांना एक जादा.
साठ नावं निघाली. हमदान नाही. अबू मतर निघाले.
बूखितही निघाला. अर्ज त्यानं नाही,
त्याच्या मुलानं भरला होता.

मग खरं भांडण, जागांचं.
उत्तरेच्या गटात घाफची झाडं,
दुपारी सगळा कळप तिथंच, सावलीला.
दक्षिणेला नुसती सबखा, मीठ आणि उजेड.
उत्तर सगळ्यांना हवी.
मी सहज मामाची पद्धत सांगितली.
मामाचा खोकला सांगितला नाही.

अबू मतर म्हणाले, मग तूच उभा राहा.
यात तुझं कुणी नाही.

यात माझं कुणी नाही.
बावीस वर्षांत इतकं खरं
मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.
मी भिंतीकडं तोंड केलं.
समोर सुट्ट्यांचा तक्ता,
माझ्या नावापुढं मार्चचे अकरा दिवस,
तेही रावळशी अदलाबदल करून मिळालेले.

मागं नकाशावर बोट फिरत होतं.
हा कुणाचा? सालिम.
हा कुणाचा? रुबय्या.
सतरा, अठरा, एकोणीस.
चाऱ्याची धूळ जिन्यानं वर येते,
या खोलीत कुणीही कधीही खोकतं.

हा कुणाचा?
आणि कुणीतरी खोकलं.
छोटं, आखूड,
घसा साफ नसलेल्या माणसाचं नव्हे.

कुणासाठी होतं ते मला ठाऊक होतं.
मी थोडा वेळ मार्चकडं बघितलं.

बूखित, म्हणालो.

खोली गप्प झाली.
खाली बादलीत पाणी टपकलं.
इतिवृत्तात खोकला लिहायची
पद्धत नाही.