बारावा मैल

बाकी सगळे रकाने भरले होते.
फिर्यादी हिराजी चिखले, वय एकसष्ट, राहणार वेसावे.
धंदा मासेमारी. नुकसान डोलीचं जाळं, एक,
कापलेलं.
वेळ पहाटे तीनच्या सुमारास.
आरोपी पांढऱ्या झगझगीत दिव्यांची बोट,
नंबरावर गोणपाट टाकलेली.
ठिकाण...

इथं पेन थांबलं.

"चवदा वाव पानी व्हतं," हिराजी म्हणाला,
"मढचे दिवे बुरतान ना, त्याच्या थोरा अलीकर."

वाव चालत नाहीत, म्हटलं. मैल सांगा.
बाराच्या आत की बाहेर?

खात्याच्या परीक्षेला मी सातवी अनुसूची
पाढ्यासारखी घोकली होती.
पोलीस, राज्य, दोन.
मत्स्यव्यवसाय, राज्य, एकवीस.
सागरी हद्दीपलीकडची मासेमारी, केंद्र, सत्तावन्न.
मार्क पैकीच्या पैकी.
पेपरातला समुद्र हलत नव्हता.

मत्स्यखात्याला फोन लावला.
बाहेर घडलं असेल तर आमच्याकडे येत नाही, म्हणाले,
आत घडलं असेल तर गस्तीची बोट दुरुस्तीला आहे.
तटरक्षक दलातला पोरगा फार नम्र.
"ग्यारह है तो आपका है, सर."
आपका.
इतक्या मायेनं मला कुणी काही दिलं नव्हतं.

आमच्या गावी शिवेवरच्या आंब्यापायी
दोन भावकी कोर्टात म्हाताऱ्या झाल्या.
पण आंबा निदान जागेवर उभा होता.
इथं मैल मोजायचे ओहोटीच्या रेषेपासून,
आणि हिराजी सांगतो, जाळं बांधलं होतं आत,
कापून ओढत नेलं बाहेर,
अर्धं तिकडंच बुडालं.
म्हणजे गुन्हा राज्यात झाला
आणि मुद्देमाल केंद्रात गेला.
हे मी मोठ्यानं बोललो. तो हसला नाही.

पिशवीतून दोराचं टोक काढून
त्यानं टेबलावर ठेवलं.
तिरका, स्वच्छ काप. एका घावाचा.
त्याचं पाणी नकाशाखालून निघून
माझ्या डब्यापर्यंत आलं.
मी डबा उचलला. नकाशा तसाच राहू दिला.

शेवटी ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं,
'मढचे दिवे बुडतात, त्याच्या थोडे अलीकडे.'
साहेबांनी त्याभोवती तांबडा गोल काढला,
शेजारी प्रश्नचिन्ह, आणि कागद वर पाठवला.
वर म्हणजे मंत्रालय की दिल्ली,
ते मी विचारलं नाही.

हिराजी दारातून परत फिरला.
"दोराची पावती द्या."
पंचवीस हजारांचं जाळं, आणि पावती हातभर दोराची.
दिली.

पावतीवरही ठिकाणाचा रकाना होता.
तिथं लिहिलं,
माझं टेबल.